पियानोची जवारी : कडक झालेले हॅमर मऊ कसे करायचे

गेल्या थंडीत गंगापूर रोडवरच्या एका घरी पियानो ट्यून करायला गेलो होतो. जपानहून आलेला, वापरलेला उभा पियानो. घरातली दहा वर्षांची मुलगी त्यावर रोज तासभर सराव करते. दोन-अडीच तास खपून सव्वादोनशेच्या आसपास तारा सुरात आणल्या. मुलीच्या आईनं दोन-चार पट्ट्या दाबून पाहिल्या आणि म्हणाल्या, “काका, सूर लागला, पण आवाज अजून टोचतोच हो. पत्र्यावर गारा पडल्यासारखा.”

त्या अगदी बरोबर बोलल्या. ज्यांच्या घरात तंबोरा आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तारा षड्ज-पंचमात चोख लागलेल्या असतात, तरी घोडीवरची जवारी बिघडली असेल तर तंबोरा बोलत नाही. सूर ही एक गोष्ट आणि सुराचा पोत ही दुसरी. पियानोत हा पोत ठरतो तो तारेवर आपटणाऱ्या हॅमरच्या लोकरीवर. ती लोकर घासून, टोचून, कधी थोडी कडक करून आवाज जुळवायचा, या कामाला व्हॉइसिंग म्हणतात. मी त्याला पियानोची जवारी काढणं म्हणतो.

नाशिकमध्ये हल्ली घरोघरी पियानो येऊ लागलेत, पण हे काम जाणणारी माणसं कमी. म्हणून लोक एकतर कर्कश आवाज सहन करतात, नाहीतर व्हिडिओ बघून सुई घेऊन बसतात. दुसऱ्या प्रकारात मी हॅमरचा संपूर्ण संच वाया गेलेला पाहिला आहे. त्यामुळे ज्यांना हात घालायचाच आहे, किंवा कारागिराकडून काम करून घेताना ते नीट चाललंय का हे कळायला हवं आहे, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितो.

हॅमरच्या पोटात काय असतं

मधल्या सप्तकातला एक हॅमर हातात घ्या. अंड्याच्या टोकासारखा आकार, आत निमुळता लाकडी गाभा, त्यावर लोकरीचा जाड फेल्ट दोन्ही बाजूंनी खाली ओढून चिकटवलेला. हा फेल्ट चपटा असतो आणि तो प्रचंड दाबाखाली गाभ्यावर वाकवून बसवलेला असतो. त्यामुळे बाहेरचे थर ताणलेले आणि गाभ्याजवळचे दाबलेले राहतात. हॅमरची सगळी स्प्रिंग या ताण-दाबात आहे. सुरुवातीच्या काळात पियानोच्या हॅमरवर चामडं असायचं. फेल्टचा हॅमर पॅरिसच्या जाँ-आँरी पाप या कारागिरानं १८२६ साली पेटंट केला आणि पुढे सगळीकडे तोच रुळला.

हॅमर तारेला लागतो तेव्हा मधल्या सप्तकात तो तिथे सेकंदाच्या साधारण पाचशेव्या भागाइतकाच थांबतो. कडक हॅमर चटकन उडतो, त्यामुळे मूळ सुरावरची सगळी वरची अंगं, म्हणजे त्यात मिसळलेले वरचे स्वर, मोकळी सुटतात आणि आवाज झणझणीत होतो. मऊ हॅमर किंचित जास्त रेंगाळतो आणि ती वरची अंगं त्याच्याच लोकरीत मुरतात. आणखी एक खुबी आहे. लोकर जितकी दाबली जाते तितकी ती कडक लागते. म्हणून पट्टी हळू दाबली की आवाज गोल येतो आणि जोरात मारली की तेजाळतो. चांगल्या व्हॉइसिंगमध्ये ही चढण टिकवायची असते. आवाज नुसता मंद करून टाकला तर ती चढणच जाते, मग वाजवणाऱ्यानं कितीही जोर लावला तरी पियानो एकाच सुरात कण्हतो.

वर्षानुवर्षं वाजवल्यावर होतं काय, की तारा हॅमरच्या माथ्यात चर पाडतात. चराच्या तळाची लोकर ठोकून ठोकून लाकडासारखी होते. माथा चपटा होतो, म्हणजे तारेला एका बिंदूऐवजी रुंद पट्टा लागतो. तो टोचणारा आवाज बहुतेक इथूनच येतो.

सुईआधी पाच गोष्टी

माझा अनुभव असा, की “हॅमर मऊ करून द्या” म्हणणाऱ्या दहा घरांपैकी निम्म्या घरांत सुई लागतच नाही. म्हणून आधी हे बघा.

खोली. नव्या फ्लॅटमध्ये चकचकीत टाइल्स, एका बाजूला काचेचं मोठं दार, भिंती उघड्या, पडदे पातळ. अशा खोलीत कुठलाही पियानो कर्कशच वाजणार. उभ्या पियानोच्या पाठीमागे भिंतीला जाडशी गोधडी लावा, खाली सतरंजी घाला आणि दोन दिवस वाजवून बघा. गंगापूर रोडच्या त्या घरात मी पहिलं काम हेच केलं. निम्मी तक्रार तिथेच मिटली.

ट्यूनिंग. एका पट्टीच्या तीन तारा एकमेकींशी किंचितही बेसूर असतील तर तो आवाज कानाला खरखरीत लागतो आणि दोष बिचाऱ्या हॅमरवर येतो. बेसुऱ्या पियानोचं व्हॉइसिंग कधीही करू नका.

स्क्रू. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि थंडी-उन्हाळ्यात आक्रसतं. दोन-तीन वर्षांत हॅमरच्या बुडाशी असलेले स्क्रू ढिले पडतात. सैल हॅमर तारेवर टक्क असा कोरडा आवाज करतो. सगळे स्क्रू नुसते भिडेपर्यंत आवळा. अंगातला जोर लावलात तर लाकडातले आटे जातील.

रेग्युलेशन, म्हणजे पट्टी आणि हॅमर यांच्या हालचालींची मापं जुळवणं. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जायला हवी. हॅमर विश्रांतीच्या जागेपासून तारेपर्यंत साधारण ४५ मिलिमीटरचा प्रवास करतो. हळूहळू दाबलं की तारेच्या २-३ मिलिमीटर अलीकडे तो सुटून मागे यायला हवा. प्रत्येक मॉडेलचे आकडे थोडे वेगळे असतात, पण शेजारशेजारच्या पट्ट्यांत फरक नको. हॅमर तारेच्या फार जवळ जाऊन सुटत असेल तर जोराच्या वादनात आवाज चेपल्यासारखा येतो.

पाचवी गोष्ट वाजवणाऱ्याची अपेक्षा. शिकणारं मूल असेल तर हळू आणि जोरात यांतला फरक त्याला कानानं कळला पाहिजे. चर्चमध्ये पन्नास माणसांच्या गाण्यामागे वाजणारा पियानो मात्र थोडा चढा असलेलाच बरा. शरणपूरच्या बाजूला एका प्रार्थनासभेत वाजणारा पियानो मी सुरुवातीला घरच्यासारखा गोल करून ठेवला होता. पुढच्या रविवारी मागच्या बाकापर्यंत तो पोचेना. तेव्हापासून आधी विचारतो, “कुणासाठी वाजतो हा?”

हत्यारं

टोचण्याचं हत्यार विकत मिळतं, पण माझं पहिलं मी अंबडच्या एका लेथवाल्याकडून करून घेतलं. बोटभर जाडीची पितळी मूठ, तिच्या टोकाला एका ओळीत तीन भोकं, त्यांत हातशिवणीच्या ६ नंबरच्या तीन सुया अ‍ॅराल्डाइटनं बसवलेल्या. सुया एकमेकींपासून दोन-अडीच मिलिमीटरवर. एका मुठीत सुया ८ मिलिमीटर बाहेर, ती खांद्यांसाठी. दुसऱ्या मुठीत एकच सुई आणि तीही फक्त २ मिलिमीटर बाहेर, ती माथ्याजवळच्या नाजूक कामासाठी. सुई जास्त बाहेर ठेवली की ती लोकरीत वाकते आणि तुटते. तुटलेलं टोक आत राहिलं तर चिमट्यानं काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

घासायला सँडपेपरच्या पट्ट्या. हॅमरच्या रुंदीइतक्या, म्हणजे सेंटिमीटरभर रुंद, वीतभर लांब. १२०, २२० आणि ४०० नंबर, अशा तीन जाडीच्या. त्या सपाट लाकडी काडीवर चिकटवा. कागद नुसता बोटानं धरला तर माथा गोल होण्याऐवजी बाजूच्या कडा झिजतात. याशिवाय खडू, मऊ ब्रश, व्हॅक्यूम क्लीनर, चांगला दिवा आणि नाका-तोंडाला मास्क. जुन्या हॅमरमधून उडणारी लोकर आणि धूळ छातीत जाऊ देऊ नका.

अ‍ॅक्शन बाहेर काढताना

उभ्या पियानोचं वरचं झाकण, पुढची फळी आणि पट्ट्यांवरचं झाकण काढलं की हॅमर समोर दिसतात. हॅमर आणि त्यांना हलवणारी सगळी यंत्रणा मिळून होते ती अ‍ॅक्शन. वरच्या अंगाला तीन-चार गोल नट असतात. ते काढा, अ‍ॅक्शन हळूच आपल्याकडे झुकवा, पेडलची काठी अडकत नाही ना ते बघा आणि दोघांनी मिळून धातूच्या आधारांना धरून सरळ वर उचला. डँपर (तारेचा आवाज थांबवणाऱ्या फेल्टच्या गाद्या) किंवा हॅमर यांना धरून उचलायचं नाही. टेबलावर लाकडी ठोकळ्यांची बैठक करून त्यात ती उभी करा, नाहीतर कलंडेल.

ग्रँडमध्ये, म्हणजे आडव्या पियानोत, अ‍ॅक्शन आणि पट्ट्या एकत्र ड्रॉवरसारख्या पुढे सरकतात. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवा. सरकवताना कुठलीही पट्टी चुकूनसुद्धा दाबली जाता कामा नये. हॅमर वर उठून लाकडाला अडकतो आणि त्याची दांडी काडीसारखी मोडते.

देवळालीतल्या जुन्या बंगल्यांत क्वचित जुन्या विलायती घडणीचे उभे पियानो सापडतात. त्यांचे डँपर हॅमरच्या वरच्या बाजूला असतात आणि त्यांना हलवणाऱ्या तारांचा पिंजराच हॅमरसमोर उभा असतो. अशा वाद्यात पहिलं काम शिकायला जाऊ नका. तो पिंजरा एकदा वाकला की सरळ करताना दिवस जातो.

अ‍ॅक्शन काढण्याआधी हॅमरच्या बाजूवर पेन्सिलीनं १ ते ८८ आकडे घाला. नंतर उपयोगी पडतात.

घासणं

चर उथळ असतील तर फक्त ब्रशनं झटका आणि हा भाग सोडून द्या. चर एक-दीड मिलिमीटर खोल असतील, माथा चपटा दिसत असेल, तर घासायला लागेल.

हॅमरचा माथा वर आला आहे अशी कल्पना करून त्याला घड्याळ समजा. १२ वर माथा, १० आणि २ वर खांदे. सँडपेपरची पट्टी खांद्याकडून माथ्याकडे ओढायची, दोन्ही बाजूंनी सारखी. माथ्यावरून आरपार कधीच नाही. कांद्याचा एकेक पापुद्रा काढावा तसा लोकरीचा पातळ थर सुटत जातो. आधी १२० नं आकार आणा, मग २२०, शेवटी ४०० नं माथ्यावर दोन हलके हात. चर पूर्ण नाहीसा होईपर्यंत घासायचा हट्ट नको, पुसट खूण राहिली तरी चालते. मूळ आकार परत येणं महत्त्वाचं. बाजूच्या कडा चौकोनी राहिल्या पाहिजेत. तिथे गोलाई आली तर तीन तारांपैकी कडेच्या दोन तारांना लोकर कमी लागते.

खर्जाच्या हॅमरवर लोकर भरपूर असते. वर जाता जाता ती कमी होत जाते आणि शेवटच्या दीड सप्तकात माथ्यावर दोन-तीन मिलिमीटर उरलेली असते. तिथे १२० चा कागद लावायचाच नाही. ४०० चे दोन हात पुरे. लाकूड उघडं पडलं की त्या हॅमरला इलाज नाही.

मी एका पट्टीचं काम पुरं करून पुढच्या पट्टीकडे जात नाही. आधी खर्ज, मधलं आणि तार अशा तीन ठिकाणचे एकेक हॅमर घासून नमुना करतो, तो बाजूला ठेवून बाकीचे त्याच्याशी जुळवतो. नाहीतर सकाळी घासलेले आणि संध्याकाळी घासलेले हॅमर दोन वेगळ्या माणसांनी केल्यासारखे होतात.

काम झालं की सगळी लोकर व्हॅक्यूमनं ओढून घ्या. घासल्यामुळे हॅमर थोडे लहान झाले आहेत, म्हणजे तारेपर्यंतचं अंतर वाढलं आहे. अ‍ॅक्शन परत बसवल्यावर रेग्युलेशन पुन्हा तपासा.

तीन तारा, एक हॅमर

आता एक अशी तपासणी, जी वगळली तर पुढचं सगळं टोचकाम फुकट जातं. हॅमर तिन्ही तारांना एकाच क्षणी लागतो का?

हॅमर हलकेच तारांवर टेकवून धरा. डँपर उचललेला असू द्या. मग एकेक तार नखानं छेडा. तिन्ही तारा दबलेल्या, मुक्या वाटल्या तर उत्तम. एखादी तार खणखणीत वाजली तर तिच्यापर्यंत हॅमर पोचत नाही. वाजवताना हीच तार किंचित उशिरा आणि कमी जोरानं हलते, आणि त्या पट्टीचा आवाज नाकातून आल्यासारखा पातळ होतो. मी ऐकलेल्या “कर्कश” पट्ट्यांपैकी कितीतरी अशा निघाल्या.

उपाय दोन. एक तर तार इतर दोन तारांच्या पातळीत आणायची. हे काम आकड्यासारख्या हत्यारानं आणि सरावाच्या हातानंच होतं. किंवा ज्या बाजूला लोकर उंच आहे तिथे ४०० च्या कागदाचा एक हात द्यायचा, पुन्हा टेकवायचं, पुन्हा छेडायचं. एका वेळी एकच हात. मला एका पियानोच्या या कामाला अख्खी दुपार लागते आणि ती दुपार वाया गेली असं कधीच वाटलं नाही.

सुईकाम

आता सुई. आधी ऐका. अ‍ॅक्शन पियानोत बसवून एकेक पट्टी तीनदा वाजवा, अगदी हळू, मध्यम आणि जोरात. हळू वाजवताना टोचणारी पट्टी, मध्यमला टोचणारी आणि फक्त जोरात ओरडणारी, या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचा इलाज हॅमरच्या वेगळ्या जागी आहे. वहीत पट्टीचा आकडा आणि तक्रार लिहा. कान थकतो, म्हणून वीस मिनिटांनी थांबा, बाहेर जाऊन चहा प्या, पुन्हा या. दुपारी रस्त्यावर गाड्यांची वर्दळ असते. मी हे ऐकण्याचं काम सकाळी लवकर करतो.

जोरात ओरडत असेल तर खांद्याखालचा भाग, घड्याळातले ९ ते १० आणि २ ते ३. इथे तीन सुयांचं हत्यार पूर्ण ८ मिलिमीटर आत जाऊ द्या. सुईची दिशा हॅमरच्या मध्याकडे, पण लाकडी गाभ्याला भिडू नये. प्रत्येक बाजूला तीन वेळा, जागा थोडी थोडी बदलून.

मध्यम आवाजात टोचत असेल तर थोडं वर, १० ते ११ आणि १ ते २. सुई इथे ५-६ मिलिमीटर.

अगदी हळू वाजवतानाही टक्क लागत असेल तर माथ्याला लागून, पण माथा सोडून, २ मिलिमीटरच्या एकट्या सुईनं. एका बाजूला दोन टोचे, दुसऱ्या बाजूला दोन. माथ्यावरच चराचा तळ लाकडासारखा कडक झाला असेल तर त्याच सुईनं जेमतेम एक मिलिमीटरचे दोन-तीन टोचे तिथे देतात. हे काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात भीत भीत करायचं.

टोचताना हॅमरला खालून आधार हवा. डाव्या हाताची दोन बोटं दांडीखाली आणि हॅमरच्या बुडाखाली घट्ट, किंवा लाकडाची पट्टी सरकवलेली. आधार नसेल तर सगळा जोर दांडीवर आणि तिच्या बारीक खिळीवर येतो, आणि दोन्ही बिघडतात. सुई सरळ आत, सरळ बाहेर. आत गेल्यावर फिरवायची नाही, उचकायची नाही, त्यानं धागे तुटतात. लोकर किती कडक आहे हे हाताला लगेच कळतं. कच्च्या पेरूत सुई घातल्यासारखा विरोध आला तर अजून वाव आहे. पिकल्या पेरूसारखी सुई गेली तर थांबा, तिथे स्प्रिंग आधीच गेली आहे.

तीन-तीन टोचे झाले की पट्टी दहा-बारा वेळा जोरात वाजवा. लोकर बसते आणि खरा आवाज तेव्हा ऐकू येतो. मग शेजारच्या पट्ट्यांशी ताडून बघा. सगळ्यात मऊ पट्टीला नमुना धरून बाकीच्या तिच्यापर्यंत खाली आणायच्या नाहीत. ज्या पट्ट्या तुम्हाला मनापासून आवडतात त्या धरा आणि फक्त त्यांच्यापेक्षा चढ्या असलेल्या हॅमरना सुई लावा. तार सप्तकाच्या शेवटच्या दीड सप्तकात सुई शक्यतो नको. तिथली तार आखूड, सूर सगळ्यात वरच्या पट्टीवर सेकंदाला चार हजारांहून अधिक कंपनांचा, आणि लोकर जेमतेम. तिथे चमक हवीच.

जपानी आणि बहुतेक युरोपीय पियानोंचे हॅमर घट्ट दाबलेले असतात आणि सुईनं मऊ करत आणावेत अशाच हिशेबानं ते घडवलेले असतात. अमेरिकी स्टाइनवेचे हॅमर उलट मऊ येतात आणि लाखेसारख्या द्रावणानं कडक करत नेतात. हातात कुठल्या घराण्याचा हॅमर आहे हे कळल्याशिवाय सुई उचलू नका.

आता माझी चूक सांगतो. हे काम शिकत होतो तेव्हा एका गृहस्थांच्या पियानोवर मधली दोन सप्तकं मला कडक वाटली. खांद्यांना सुई लावून फरक पडेना, म्हणून घाईनं माथ्यावरच खोल टोचे दिले. त्या क्षणी आवाज लोण्यासारखा झाला. मी खूश, ते खूश. महिन्याभरात त्या हॅमरचे माथे बसले आणि आवाज ओल्या पुठ्ठ्यावर चापट मारल्यासारखा येऊ लागला. माथ्याखालचा ताण मी तोडून टाकला होता आणि तो परत आणायचा मार्ग नव्हता. चोवीस हॅमर बदलावे लागले, पैसे मी भरले. ते गृहस्थ एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणून सांगतो, एका बैठकीत जितकं करावंसं वाटतं त्याच्या निम्मं करा. दोन-तीन आठवड्यांनी परत जा. त्या काळात वाजवण्यानं लोकर बसलेली असते आणि तुमचा कानही ताजा असतो.

ग्रँड असेल तर डावं पेडल दाबून अ‍ॅक्शन सरकवलेल्या स्थितीतही सगळ्या पट्ट्या ऐका. तेव्हा तारा हॅमरच्या वेगळ्या जागी लागतात. तिथला आवाज वेगळा आणि हलका असायला हवा, पण पट्टीगणिक बदलणारा नको.

वाफ आणि खळ

फार जुने, दगडासारखे हॅमर काही कारागीर वाफेनं सैल करतात. ओलं फडकं खांद्यावर ठेवून त्यावरून गरम इस्त्री क्षणभर टेकवतात. लोकर फुगते, आवाज झटक्यात मऊ होतो. काहीजण पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणाचे दोन-चार थेंब खांद्यांवर सोडतात. दोन्ही उपाय खरे आहेत, पण किती मऊ होईल यावर हाताचा ताबा राहत नाही, आणि पाणी गोंदाच्या जोडापर्यंत गेलं तर फेल्ट सुटतो. टाकून द्यायच्याच अवस्थेतल्या संचावर मी वाफ वापरतो. चांगल्या संचावर नाही.

उलट काम म्हणजे कडक करणं. धनगरी घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात हे आपल्याकडे ठाऊक आहे. लोकर ताठ होते, अंगावर टिकते. हॅमरची खळ म्हणजे भरपूर थिनर घालून पातळ केलेली लॅकर. अगदी पातळ द्रावणाचे दोन-तीन थेंब खांद्यावर, माथा सोडून, आणि मग पूर्ण एक दिवस वाट. ओल्या लॅकरचा आवाज फसवा असतो. दुसऱ्या दिवशी ऐका, गरज असेल तर पुन्हा तेवढेच थेंब. खिडक्या उघड्या ठेवा, आणि जवळ देवघरातली समईसुद्धा पेटती नको, थिनरची वाफ भडकते. सुईनं थोडा जास्त मऊ झालेला हॅमर यानं सावरतो. माथ्यावर खोल टोचलेला सावरत नाही.

नाशिकच्या हवेत

पावसाळ्यात लोकर हवेतलं पाणी पिते आणि पियानो आपोआप गोल, थोडा भरल्या गळ्यानं वाजतो. जानेवारीत तोच पियानो झणझणतो. म्हणून जुलैमध्ये हॅमर कडक करू नका आणि मेच्या कोरड्या उन्हात फार मऊ करू नका. मी व्हॉइसिंगची कामं दिवाळीनंतरच्या तीन-चार आठवड्यांत आणि फेब्रुवारीत घेतो. पियानोच्या खोलीत हवेतली आर्द्रता वर्षभर ४० ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखता आली तर केलेलं काम टिकतं. एक साधा आर्द्रतामापक पियानोवर ठेवा. खिडकीशेजारी, थेट उन्हात किंवा एसीच्या झोतात पियानो ठेवू नका.

आणि कसर. लोकरीचे कपडे खाणारी तीच कसर हॅमरचे फेल्टही खाते. महिनोन्महिने बंद राहिलेल्या पियानोत ती हमखास शिरते. खांद्यांवर बारीक खड्डे, खाली रवाळ भुकटी दिसली तर सुईकाम विसरा. आधी सगळं व्हॅक्यूम करा, खाल्लेले फेल्ट तपासा, मगच पुढचं ठरवा. कीटकनाशकाचा फवारा अ‍ॅक्शनवर मारू नका, तारांना गंज चढतो. पियानो आठवड्यातून दोनदा तरी वाजता ठेवला आणि पुढची फळी वर्षातून दोनदा उघडून आत उजेड व वारा जाऊ दिला, तर कसर सहसा टिकत नाही.

शेवटचं काम वहीचं. कुठल्या तारखेला, कुठल्या आकड्याच्या हॅमरला, घड्याळातल्या कुठल्या जागी, किती टोचे, त्या दिवशी आर्द्रता किती, एवढं लिहून वही पियानोच्या खालच्या फळीमागे ठेवून द्या. गंगापूर रोडच्या त्या पियानोत अशी वही आहे. पहिल्या खेपेला ८८ पैकी ३१ हॅमरना सुई लागली, तीन आठवड्यांनी ९ ना. फेब्रुवारीत तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या मुलीनं एक धून आधी अगदी हळू आणि मग जोरात वाजवून दाखवली आणि विचारलं, “काका, ही एवढीच अजून टोचते ना?” मधल्या सी (C) च्या वरच्या जी (G) या सुराची पट्टी. मी हॅमर तारांवर टेकवून तार छेडली. डावीकडची तार खणखणीत वाजली. सुई पिशवीतच ठेवली आणि ४०० चा कागद काढला.